मागच्या भिंतीचं तापमान

विश्वेशने 'हं' म्हटलं तेव्हा आईचं वाक्य अजून सुरू व्हायचं होतं. समोर मटारच्या शेंगांची परात, हातात अर्धी सोललेली शेंग, आणि तिने मान वर करून नुसतं तोंड उघडलं होतं, इतकंच. गाडीची किल्ली शोधता शोधता त्याने 'हं' म्हणून टाकलं, वर 'गुरुवारी नेतो' असंही म्हणाला आणि मग थबकला. आपण नेमका कशाला होकार दिला? आईने तोंड मिटलं. शेंगेतले दाणे अंगठ्याने परातीत ढकलले. ती रागावली नव्हती. पोस्टमन आपल्या दाराशी थांबून शेजारच्या घरात गेला की माणूस ज्या चेहऱ्याने दार लावून घेतो, तसा तिचा चेहरा होता. किल्ली फ्रिजवर सापडली. त्र्यंबक रोडला लागेपर्यंत तो चेहरा त्याच्या शेजारच्या सीटवर बसून होता, पट्टा न लावता.

गेले दोन-तीन महिने आईची वाक्यं अशी तुटत होती. 'विशू, मला जरा…' एवढं यायचं आणि पुढे काहीच नाही. आईचं, म्हणजे गोदावरीबाईंचं, वय अठ्ठ्याहत्तर. विश्वेशने इंटरनेटवर लक्षणांची यादी वाचली: शब्द न आठवणं, वाक्य अर्ध्यावर सोडणं, वस्तू भलत्याच ठिकाणी ठेवणं. त्यातली बरीचशी त्याला स्वतःतही सापडली, पण मेंदूच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ त्याने आईसाठी घेतली. बायकोला, सईला, सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. 'माझ्याशी तर बोलतात त्या नीट,' ती म्हणाली. 'परवा मला अख्खी गोष्ट सांगितली, तुमच्या बाबांनी एकदा शेजाऱ्यांचं मांजर कसं हरवलं ती.' 'पूर्ण?' 'पूर्ण. दोन वेळची कणिक मळून झाली माझी तेवढ्यात.' विश्वेशला हे पुरावा म्हणून पुरेसं वाटलं नाही. जुन्या गोष्टी आठवतातच, नवीन जातं, असं त्या यादीतही लिहिलं होतं. भीती एकदा बसली की तिला सगळंच पोषक असतं. आईने चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधला, की तो तेही त्या यादीशी ताडून बघायचा. हेच ती गेली तीस वर्षं करत आलीय याची त्याला तेव्हा आठवण होत नसे. आणि कधी रस्त्यात सिग्नलला थांबल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर येई, की आई दार उघडते, त्याच्याकडे बघते आणि सभ्यपणे विचारते, 'कोण पाहिजे?' मग मागची गाडी हॉर्न वाजवी.

तर तिचं अर्धं वाक्य पुरं करणं ही त्याने स्वतःकडे घेतलेली सेवा होती. त्यात तो तरबेज झाला होता. 'मला जरा…' म्हणजे देऊळ. गुरुवारी तो ऑफिसातून लवकर निघायचा, आईला काळारामाला न्यायचा, पायऱ्या चढताना दंडाला धरायचा, चढून झालं की 'बरं वाटलं ना?' विचारायचा आणि 'हो, वाटलं' हेही स्वतःच म्हणायचा. हे घराण्यातच होतं. त्याचे वडील गंगाधर गुरुजी पंचवटीतले तीर्थोपाध्याय. रामकुंडावर यजमान दिसला, की तो तोंड उघडायच्या आत याचं गाव कोणतं, आडनाव काय, काम कोणतं हे त्यांनी ओळखलेलं असे, आणि पुष्कळदा ते बरोबरही असे. एकदा घोटीचे एक भाताचे व्यापारी आले. 'गुरुजी, वडिलांचं जरा…' इतकं ते बोलले आणि गुरुजी म्हणाले, 'समजलं. काही काळजी करू नका.' त्यांना कुंडात बुडी मारायला लावली, ओल्या धोतराने दक्षिणेकडे तोंड करून बसवलं, दर्भ दिला, तीळ दिले, पिंड वळायला घेतले. तो गृहस्थ मोठा भिडस्त. नाशकात असंच करत असतील म्हणून गप्प बसला. एवढ्यात गर्दीतून वाट काढत एक काटक म्हातारा आला. तो समोर उकिडवा बसला आणि पिंडांकडे बघून कौतुकाने म्हणाला, 'परसाद झालाय वाटतं. मी सावळीराम. माझीच ना ही ऐंशी वर्साची शांत? गाडी लावायला जागाच गावंना, म्हनून उशीर झाला.' तेव्हा लहान असलेल्या विश्वेशला त्या क्षणीचा बाबांचा चेहरा अजून आठवतो. तो जराही हलला नाही. 'बसा,' बाबा म्हणाले, 'याने आयुष्य वाढतं.' सावळीराम पुढे पंधरा वर्षं जगले आणि दर वर्षी नव्या तांदळाचं पोतं पाठवत राहिले. बाबांनी त्यातून धडा घेतला नाही, तांदूळ घेतला. आई मात्र तो तांदूळ निवडताना कधीतरी स्वतःशीच हसायची. 'काय झालं?' विचारलं तर म्हणायची, 'काही नाही. त्यांना जरा…' आणि बाबा आतून म्हणत, 'हो हो, आणतो चहा पावडर.'

विश्वेश सातपूरला एका छोट्या कंपनीत आहे. कंपनी द्राक्षांच्या शीतगृहांसाठी तापमान सांभाळणारी यंत्रं बनवते. यंत्राच्या पोटात दोन तारांवरून मुख्य चिप आणि सेन्सर यांच्यात जो निरोप जातो-येतो, तो पूर्ण पोचतो की नाही हे बघणं त्याचं काम. त्या तारांना बस म्हणतात आणि निरोप आणून देणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर. यावर होण्यासारखा विनोद सगळ्या नातेवाइकांनी गेली वीस वर्षं करून झाल्यामुळे विश्वेशने घरी कामाबद्दल बोलणं सोडून दिलं होतं. 'कंप्युटरमध्ये आहे,' एवढंच आई लोकांना सांगे. खालच्या मजल्यावर हरसूलहून मुलाकडे राहायला आलेल्या चतुराबाई होत्या. त्यांचं एवढ्याने भागत नसे. 'कंप्युटरमंदी म्हंजी नेमकं काय करतो तुमचा पोरगा?' असं त्यांनी जिन्यात दोनदा विचारल्याचं आणि आई दोन्ही वेळा कढीपत्त्याबद्दल बोलू लागल्याचं सईने त्याला सांगितलं होतं. तो हसला होता. हेही त्याने यादीत टाकलं होतं: विषय बदलणे.

त्या दिवशी तो टेबलाशी पोचतो न पोचतो तोच दिंडोरीकडच्या शीतगृहातून तिथल्या मालकाचा, रविराजचा, फोन आला. 'साहेब, तुमचं यंत्र लय सभ्य हाय.'

'म्हणजे?'

'कवाबी विचारा, मागच्या भिंतीशी दोन डिग्री म्हनतं. आत जाऊन हात लावला तर पेट्या घामेजल्यात. पुन्यांदा विचारलं, दोन. माझी सासू अशीच हाय. काय बी विचारा, बरं हाय म्हनती. पन तिचा माल परदेशी नाय चालला, साहेब. माझा परवा चाललाय.'

खोलीतल्या चार जागांचं तापमान एकाच सेन्सरकडून एकाच निरोपात येई. मागच्या भिंतीचं सगळ्यात शेवटी. दाराजवळचा आकडा हलत होता, मधले हलत होते, शेवटचा मात्र कालच्या दोनवर बसून राहिला होता. कामाला लागून वर्ष झालेली पायल म्हणाली, 'सर, सेन्सर म्हातारा झालाय. बोलता बोलता मधेच गप्प होतो. बदलून टाकू.'

'बदलून टाकू काय, बदलून टाकू?' हे विश्वेशच्या तोंडून जरा मोठ्याने निघालं. पलीकडच्या टेबलावरच्याने चहाचा कप उचलून धरला.

'सर, ड्रॉवरमध्ये वीस पडलेत नवे,' पायल म्हणाली. ती घाबरलेली नव्हती, चक्रावली होती.

त्याने रविराजकडे होता तसाच एक जुना सेन्सर बर्फाच्या डब्यात ठेवायला लावला आणि दोन्ही तारांचा आलेख पडद्यावर घेतला. एक रेघ दातेरी, दुसरी तुटक-तुटक. मुख्य चिप विचारते, सेन्सर सांगतो. पहिली जागा, दुसरी, तिसरी. चौथीच्या तोंडाशी दातेरी रेघ खाली बसली आणि तिथेच राहिली. ती तार सेन्सरने स्वतः खाली दाबून धरली होती. या तारांच्या शिष्टाचारात त्याचा अर्थ इतकाच, की थांब, सांगतो. थंडीत त्याला वेळ लागत होता. ड्रायव्हर थोडं थांबला, मग कंटाळला आणि निघून गेला. त्यानंतर, पडद्यावर बोटभर अंतरावर, रेघ हळूच वर आली. सेन्सरने तार सोडली होती. आता तो सांगायला तयार होता. पलीकडे कोणी नव्हतं.

विश्वेश त्या बोटभर जागेकडे बघत राहिला. त्याला मटारचा वास आला, कोवळा, हिरवट, आणि ऑफिसात मटार कोणी आणले असतील याचा त्याने काही क्षण प्रामाणिकपणे विचार केला. अंगठ्याने शेंग फोडल्याचा बारीक आवाज. उघडलेलं तोंड. त्याला असली साम्यं आवडत नसत. असली साम्यं सकाळी सकाळी फोनवर सूर्योदयाच्या चित्राखाली लिहून येतात आणि तो ती न वाचता पुसतो. पण हे पुसलं जाईना. सई पोळ्या लाटते. पोळी लाटणाऱ्या माणसाला घाई नसते. त्याचे हात गुंतलेले असतात आणि कान रिकामे. दोन वेळची कणिक मळून होईपर्यंत ती थांबते, कारण ती जाणार कुठे? आणि मी? मी किल्ली शोधत असतो. मी गेली कित्येक वर्षं किल्ली शोधत असताना आईशी बोलतो.

'सर, मजा बघा,' पायल म्हणाली. तिने ड्रायव्हरचा मजकूर उघडला होता. लिहिणारा केव्हाच कॅनडाला गेला होता. 'तो निघून जातो ते ठीक. पण वर कळवताना किती मिळालं ते सांगतच नाही. मागितलं होतं तेवढंच मिळालं म्हणून सांगतो. निरोपाची लांबी मागितलेली सांगतो, मिळालेली नाही.'

'आणि शेवटची जागा?'

'तिथे आधीचंच पडून असतं ना. कालचं. वरच्या प्रोग्रामला वाटतं ताजं आहे.'

म्हणजे दोन दोष होते. एक उतावीळपणा, आणि दुसरा, जो त्याला जास्त लागला: न ऐकलेलं ऐकलं म्हणून सांगणं, रिकाम्या जागी जुनंच वापरणं. देऊळ. चहा पावडर. 'बरं वाटलं ना? हो, वाटलं.' दुरुस्ती चार-पाच ओळींची होती. आलं तितकंच सांगायचं. कमी आलं तर पुन्हा विचारायचं. आणि जरा जास्त थांबायचं.

'किती थांबायचं, सर?' पायलने विचारलं. 'सेन्सरच्या माहितीपत्रकात बघितलं. जास्तीत जास्त किती वेळ लावेल, त्यापुढे नुसती आडवी रेघ मारलीय.'

'म्हणजे मर्यादा नाही.'

'मग कायम थांबायचं? सगळं यंत्र अडून बसेल.'

त्याने माहितीपत्रक ओढून त्या आडव्या रेघेवर बोट ठेवलं. पायलला वाटलं तो हिशेब करतोय. 'कायम नाही,' शेवटी तो म्हणाला. 'मर्यादा असू दे. पण आपण नेहमी धरतो त्याच्या दसपट धर. आणि तरी नाही आलं, तर नाही आलं असं सांगायचं. त्या जागी कालचं भरायचं नाही.'

नवा प्रोग्राम रविराजकडे चढवला तेव्हा पडद्यावर मागच्या भिंतीसमोर आधी काहीच दिसेना, मग सात आले. रविराजने आधी शिवी दिली, मग आभार मानले आणि मागचा बिघडलेला पंखा दुरुस्त करायला माणूस धाडला.

संध्याकाळी आई मेथी निवडत बसली होती. विश्वेशने किल्ली खिशात ठेवली, फोन सईकडे दिला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. हात रिकामे बरे दिसेनात म्हणून एक जुडी ओढली. आईने चष्म्यावरून बघितलं. 'बरं नाही का?' तिने विचारलं.

'बरं आहे.'

बराच वेळ पानं खुडण्याचाच आवाज. मग ती म्हणाली, 'विशू, मला जरा…'

आणि थांबली. त्याच्या तोंडाशी 'गुरुवारी' आलं होतं. त्याने ते दाताखाली धरलं. कुकरची शिट्टी झाली. खाली कोणी स्कूटर चालू करायला बघत होतं आणि ती होत नव्हती. ही शांतता आपल्याला सोसत नाही हे त्याला प्रथमच अंगभर कळलं. मान अवघडली, डाव्या डोळ्याची पापणी उडायला लागली. मला जरा काय? पैठणी हवी असेल, येवल्याची, मावशीसारखी. दुखतंय कुठे? की खरंच पुढे काही नाहीच, तिच्या आत त्या जागी पांढरं झालंय आणि मी त्या पांढऱ्याकडे बघत बसलोय? शाळेत असताना तो तोतरा बोलायचा. वर्ष-दीड वर्षच, पण बोलायचा. 'प' वर अडायचा. वर्गात पोरं पुढचे शब्द पुरवायची, पाटी, पेन, पाणी. बाबा तर वाक्यच पुरं करून टाकायचे आणि उत्तरही द्यायचे. आई कधी बोलली नाही. ती हातातलं काम करत राहायची, त्याच्याकडे न बघता, जणू जगात कुणालाच कुठे जायचं नव्हतं, आणि 'प' आपल्या पायाने चालत बाहेर यायचा. हे तो विसरला होता. स्कूटर चालू झाली. त्याने आईकडे बघणं सोडलं आणि मेथीकडे बघायला लागला.

'…देवळात नको नेऊस रे,' आई म्हणाली. 'गुडघे फार दुखतात त्या पायऱ्यांनी. आणि सगळं आयुष्य रामाच्याच दारात गेलं की. आता त्यालाही जरा मोकळं सोडू.'

विश्वेशने मान हलवली. 'हं' आवरलं. ते बरं झालं, कारण ती पुन्हा थांबली होती आणि हे थांबणं आधीच्यापेक्षा मोठं होतं.

'मला तुझं काम बघायचंय. चतुराबाई विचारतात. मला सांगता येत नाही, मग मी कढीपत्त्याचं काढते. वीस वर्षं झाली, मुलगा करतो काय ते आईला ठाऊक नको?' तिने एक पिवळं पान बाजूला टाकलं. 'आणि सोमवारचं सांगितलंय मला सईने. येईन मी. भीती मलाही वाटते रे. नावं जातात कधी कधी. पण तिथे मला विचारतील तेव्हा तू मधे बोलायचं नाहीस.'

शनिवारी तो तिला दिंडोरीकडे घेऊन गेला. रविराजने स्वतःचं जाडजूड जाकीट तिच्या पातळावरून चढवलं. 'आजी, आत लय गार हाय, दोन मिंटांच्या वर थांबू नका.' ती चांगलीच थांबली. पेट्यांवरून हात फिरवला, भिंतीवरच्या पेटीतला मण्याएवढा सेन्सर नाकाशी नेऊन बघितला आणि पडद्यावर चौथा आकडा उमटायला वेळ लागतो तोही बघितला. 'हा का मागे राहतो?' तिने विचारलं. त्याने सांगितलं: तारा, थांब म्हणणं, निघून जाणं, कालचं भरणं. वाफाळत्या तोंडाने, हातवारे करून, बराच वेळ सांगितलं. सांगताना एका 'प' वर तो किंचित अडला. आई पेट्यांकडे बघत राहिली. परत येताना तिने द्राक्षं खाल्ली आणि झोपली.

सोमवारी डॉक्टरांनी तीन शब्द दिले, सफरचंद, टेबल, नाणं. पुन्हा विचारीन म्हणाले. मग विचारलं, 'आजी, आज तारीख काय?' आई म्हणाली, 'माघ वद्य पंचमी.' डॉक्टरांनी विश्वेशकडे बघितलं. विश्वेशने भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे बघितलं. डॉक्टरांनी गुपचूप फोन काढून खात्री केली. इंग्रजी तारीख मात्र तिने दोन दिवस मागची सांगितली. मग ते तीन शब्द. 'सफरचंद,' ती म्हणाली. 'नाणं.' आणि थांबली. विश्वेशच्या जिभेवर 'टेबल' हा शब्द इतका जड झाला, की तो खाली पडेल असं वाटलं. समोरच टेबल होतं. डॉक्टरांची कोपरं त्यावर होती. आईने खोलीभर नजर फिरवली, टेबलावरूनही फिरवली.

'नाही आलं,' ती म्हणाली. सरळ, लाज न बाळगता. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

'बरं आजी,' डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले, 'हा तुमचा मुलगा. हा काय काम करतो?'

आई थांबली. डॉक्टरांनी पेन उचललं. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. डॉक्टरांनी पुन्हा विश्वेशकडे बघितलं, मदत कर अशा अर्थाने. विश्वेश चित्रातल्या मेंदूच्या घड्या बघत राहिला.

'द्राक्षांच्या थंड खोलीत एक बारकं यंत्र असतं,' आई म्हणाली. 'गारठ्याने ते थांबून थांबून बोलतं. मधला माणूस उतावीळ, तो अर्धंच ऐकून पुरं झालं म्हणून सांगायचा. याने त्याला थांबायला शिकवलं.'

'हं,' डॉक्टर म्हणाले आणि लिहायला वाकले.

'थांबा,' आई म्हणाली. 'अजून आहे.'

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. विश्वेशने आवाज न करता आपली खुर्ची जराशी पुढे ओढली.